युरोप क्रूझवर पोर्टला उतरून फिरायचं प्लॅनिंग कसं करायचं : आधी परतीची वेळ, मग बाकी सगळं

क्रूझ बुक झाली की आपण सगळे काय करतो, तर बोटीवर स्विमिंग पूल किती, जेवण कसं, व्हेज मिळतं का, याचीच चौकशी करत बसतो आणि खाली उतरून काय बघायचं ते "तिथे गेल्यावर बघू" वर सोडून देतो. युरोपात हे चालत नाही. तिथे बहुतेक दिवशी सकाळी सातआठला बोट लागते आणि संध्याकाळी पाचसहाला सुटते, म्हणजे रोमसारख्या शहरासाठी तुमच्या हातात खरे पाच ते सहाच तास असतात. ते घरी बसून आधी नीट आखले तर सोनं होतं. मी, नवरा, मुलगा आणि माझे आई-बाबा असे पाचजण बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, रोम, नेपल्स असं पश्चिम भूमध्य समुद्राचं सर्किट करून आलो, बाबा ७१ वर्षांचे आणि गुडघ्यांचा त्रास असलेले, तरी सगळं पाहून झालं कारण एक तक्ता करून ठेवला होता. तो कसा करायचा तेच सांगते.

पहिलं काम : पोर्टचं नाव आणि व्हिसा

क्रूझच्या पत्रकात "रोम" लिहिलेलं असतं पण बोट रोमला जात नाही, चिवितावेक्किया नावाच्या बंदराला लागते आणि तिथून रोम साधारण ८० किलोमीटर. "फ्लॉरेन्स / पिसा" म्हणजे लिव्होर्नो. "व्हेनिस" लिहिलं असेल तर जास्तच नीट वाचा, २०२१ च्या ऑगस्टपासून मोठ्या बोटींना जुन्या व्हेनिसच्या कालव्यातून जायला बंदी आहे, त्यामुळे काही बोटी जवळच्या मार्गेराला लागतात तर काही चक्क लांबच्या रॅव्हेन्ना किंवा त्रिएस्तला, आणि या दोन्हींहून व्हेनिसला जायलाच दोनेक तास जातात. म्हणून कंसात बारीक अक्षरात काय लिहिलंय ते आधी बघायचं.

व्हिसाचं पण याच वेळी बघून घ्या. रूटमध्ये तुर्कस्तान, ट्युनिशिया, माँटेनेग्रो असं शेंगेनबाहेरचं (शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या देशांचा गट) एखादं जरी पोर्ट असेल तर मल्टिपल एंट्री शेंगेन व्हिसा लागतो, नाहीतर बोट परत इटलीत आल्यावर तुमची दुसरी एंट्री होते आणि तिथे पंचाईत. क्रोएशिया मात्र २०२३ पासून शेंगेनमध्येच आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, लवकर करा, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाहीत.

तक्ता करा, आणि त्यात वार लिहा

एका कागदावर पोर्ट, वार, बोट लागायची वेळ, सुटायची वेळ. वार सगळे विसरतात! व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद असतं (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून), फ्लॉरेन्सचं उफिझी कलासंग्रहालय सोमवारी बंद, बुधवारी सकाळी पोप रोममध्ये असतील तर व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स चर्चच्या चौकात त्यांचं दर्शन असतं आणि बॅसिलिकात म्हणजे त्या चर्चमध्ये जायला उशीर होतो. नेपल्सजवळचं पॉम्पेई १ मेला बंद असतं, आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुट्टी जोडून लोक निघतात म्हणून मुद्दाम सांगते.

मग प्रत्येक पोर्टपुढे लिहायचं की बोटीपासून गावापर्यंत कसं जायचं. इथे पोर्टापोर्टात जमीन-अस्मानाचा फरक आहे. नेपल्सला गँगवेवरून (बोटीतून उतरायच्या शिडीवरून) उतरलात की समोर किल्ला आणि गाव, चालत जा. पालेर्मो तसंच. जेनोआला धक्क्यापासून पियाझ्झा प्रिंचिपे रेल्वे स्टेशन चालत जाण्याइतकं जवळ. पण लिव्होर्नोला बंदराच्या आत चालायची परवानगीच नाही, आधी शटल, मग गावातून स्टेशनपर्यंत बस, मग ट्रेन. मार्सेयला पण मोठ्या बोटी गावापासून लांब लागतात, शटल घ्यावी लागते. बार्सिलोनाला निळी पोर्टबस कोलंबसच्या पुतळ्यापाशी सोडते, तिथून ला रांब्ला हा प्रसिद्ध रस्ता सुरू होतो (पाकीट पुढच्या खिशात किंवा गळ्यातल्या पाऊचमध्ये, तिथले पाकीटमार फार सराईत).

आता खरा हिशोब, उलटा

बोट सुटायच्या वेळेवर कधीच प्लॅन करायचा नाही. "ऑल अबोर्ड" म्हणून एक वेळ असते, सगळ्यांनी बोटीवर परत यायची, सुटण्याच्या अर्धा ते एक तास आधीची, ती धरायची. आणि त्याच्याही दीड तास आधी मी बंदराच्या गेटवर असणार असं लिहून टाकायचं, तिथून मागे मागे मोजत यायचं.

रोमचं उदाहरण घ्या. बोट संध्याकाळी ७ ला सुटणार, ऑल अबोर्ड ६:३०. म्हणजे ५ वाजता बंदराच्या गेटवर. रोमहून लोकल गाडीला साधारण एक ते सव्वा तास, स्टेशन ते गेट चालायला आणि बसची वाट बघायला अर्धा तास, म्हणजे ३:१५ च्या आसपासची गाडी. सकाळी ७ ला बोट लागली तरी उतरायला साडेसात, फुकटच्या शटलने बंदराच्या गेटपर्यंत, तिथून चिवितावेक्किया स्टेशन, गाडी पकडून रोममध्ये साडेनऊ. म्हणजे साडेनऊ ते सव्वातीन, पावणेसहा तास. यात व्हॅटिकन म्युझियम आणि कोलोसियम दोन्ही आतून बघायचं म्हणाल तर धावपळ होईल आणि दोन्ही डोक्यात राहणार नाहीत. एकच निवडा.

आम्ही काय केलं ते सांगते. टर्मिनी या मोठ्या स्टेशनपर्यंत न जाता आधीच रोमा सान पिएत्रोला उतरलो, तिथून सेंट पीटर्स दहापंधरा मिनिटं चालत. बॅसिलिकाला तिकीट नाही पण सिक्युरिटीची रांग असते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आईने पंजाबी ड्रेस घातला होता तर काही प्रश्नच आला नाही, मुलाला मात्र थ्री-फोर्थ न घालता फुल पँट घालायला लावली होती. मग नवोना चौक, पॅन्थिऑन (प्राचीन रोमन देऊळ, याला २०२३ पासून तिकीट आहे), त्रेवी कारंजं. वाटेत जागोजागी छोटे लोखंडी नळ आहेत, पाणी सतत वाहत असतं, पिण्याचं आणि थंडगार. त्याच्या तोटीचं खालचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या बारीक भोकातून कारंजासारखी धार येते आणि वाकून तोंड लावून पिता येतं, एका म्हाताऱ्या रोमन बाईने बाबांना हातवारे करून दाखवलं. त्या दिवसापासून पाण्याची बाटली विकत घेतली नाही.

स्टेशनवर कागदी तिकीट घेतलं तर गाडीत चढायच्या आधी ते प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट असूनही दंड. आणि जायच्या आठवडाभर आधी "शोपेरो" म्हणजे संप आहे का ते बघा, इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात. आठवड्याच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ अशा लोकल गाड्या तरी चालवाव्या लागतात, पण क्रूझवाल्यांना परतीला संध्याकाळचा तो वेळ उपयोगाचा नाही, त्यामुळे संप असेल तर सरळ बोटीची टूर घ्या.

बोटीची टूर की आपलं आपण?

बोटीच्या टूर महाग असतात, पण एक गोष्ट त्यात खरी मोलाची, बस अडकली तर बोट थांबते. आपण स्वतः गेलो आणि उशीर झाला तर बोट थांबत नाही, पुढच्या पोर्टला स्वखर्चाने गाठावी लागते. माझा नियम साधा आहे, पोर्टपासून तासापेक्षा जास्त लांब जायचं असेल आणि बरोबर ज्येष्ठ लोक किंवा लहान मूल असेल तर बोटीची टूर, आणि गाव चालत जाण्याइतकं जवळ असेल तर आपलं आपण. गाडी ठरवून गेलात तर आधीच स्पष्ट बोला की दुकानात थांबायचं नाही. आम्हाला नेपल्सला एका गाडीवाल्याने वाटेत दागिन्यांच्या दुकानात पाऊण तास बसवलं आणि तो पाऊण तास पॉम्पेईच्या वेळेतून गेला, अजून जीव हळहळतो.

कारण पॉम्पेईला वेळ द्यायलाच हवा हो. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं अख्खं गाव आहे ते. रस्त्यावर दगडात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या खोल चाकोऱ्या आहेत, रस्ता ओलांडायला मध्ये उंच दगड ठेवलेत, आणि त्या दगडांमधली फट चाकं जातील एवढीच. बाबा तिथे वाकून चाकोरीत हात घालून बघत होते, आपल्या गावच्या जुन्या वेशीपाशी अशाच आहेत म्हणाले. दुकानांच्या ओट्यात गोल तोंडाचे रांजण पुरलेले आहेत, त्यात माल आणि खाणंपिणं ठेवायचे. हे दहा मिनिटांत उरकायचं नाहीये. आता रोज जास्तीत जास्त २०,००० लोकांनाच सोडतात आणि तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं, म्हणून ऑनलाइन काढा आणि पासपोर्टवरचंच नाव टाका. आपलं आपण जाणार असाल तर बंदराजवळच्या म्युनिचिपिओ स्टेशनहून मेट्रो, गारिबाल्दीला चिर्कुमव्हेझुव्हियाना लोकल, पॉम्पेई स्कावी स्टेशनला उतरायचं, प्रवेशद्वार समोरच. गर्दीत उभं राहायची तयारी ठेवा. दगड ओबडधोबड आहेत, चांगले बूट घाला, गुडघे दुखत असतील तर सपाट केलेला एक वेगळा मार्ग आहे तो विचारून घ्या.

बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाचं तिकीट तर खिडकीवर मिळतच नाही, फक्त ऑनलाइन, वेळेसकट. १८८२ पासून बांधकाम चालू असलेलं चर्च, आत दुपारी रंगीत काचांतून जो उजेड पडतो त्यासाठी दुपारची वेळ घ्या.

मार्सेयबद्दल थोडं

बरेच लोक मार्सेयला बोटीवरच झोपून राहतात. आपण मराठी माणसांनी तसं करू नये असं मला मनापासून वाटतं. ८ जुलै १९१० ला याच बंदरात 'मोरिया' बोटीच्या पोर्टहोलमधून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली आणि पोहत फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले, तिथे पकडून त्यांना परत बोटीवर नेलं, आणि फ्रान्सच्या जमिनीवरचा माणूस असा नेता येतो का हा वाद थेट हेगच्या लवादापर्यंत गेला, १९११ मध्ये निकाल ब्रिटिशांच्या बाजूने लागला. शटलने जुन्या बंदरात या, वर टेकडीवरच्या नोत्र दाम द ला गार्द या चर्चला बसने जा, तिथून सगळी बंदरं, धक्के आणि निळं पाणी एका नजरेत दिसतं. बाबा तिथे कठड्याला धरून बराच वेळ काही न बोलता उभे होते, आम्हीही घाई केली नाही, तक्त्यात त्या दिवशी मी मुद्दाम दुसरं काही लिहिलंच नव्हतं.

उतरायच्या दिवशी

बोटीचं कार्ड, पासपोर्टची झेरॉक्स आणि फोनमध्ये फोटो (काही बोटी पासपोर्ट स्वतःकडे ठेवतात), थोडे सुटे युरो कारण स्टेशनवरच्या टॉयलेटला पैसे लागतात. आदल्या रात्री केबिनमध्ये दुसऱ्या दिवसाचं पत्रक येतं किंवा ॲपवर दिसतं, त्यात पोर्ट एजंटचा फोन नंबर असतो, त्याचा फोटो काढून ठेवा, बोट चुकली तर पहिला फोन त्यालाच. घड्याळ बोटीच्या वेळेला लावा, इटलीहून ग्रीसला गेलात की वेळ एक तास पुढे जाते. बोटीवर फोन एअरप्लेन मोडवरच ठेवा, समुद्रातल्या नेटवर्कचं बिल भयंकर येतं.

सँटोरिनीसारख्या ठिकाणी बोट धक्क्याला लागत नाही, छोट्या टेंडर बोटीने नेतात आणि वर 'फिरा' नावाच्या गावात जायला केबल कार, खेचरं किंवा जवळजवळ सहाशे पायऱ्या. खेचरांचे हाल बघवत नाहीत, त्यावर बसू नका. परतीला केबल कारची रांग तासाच्या वर जाते, म्हणून तिथे दीड तासाऐवजी अडीच तास राखून ठेवा.