गोळ्या चालू असताना सिनसेकडे जायचं तर

सिंगापुरात राहायला आलं की थोड्याच दिवसांत ऑफिसातलं कोणीतरी सांगतंच, गुडघा दुखतोय ना मग सिनसेकडे जा. सिनसे म्हणजे चायनीज वैद्य. खुशाल जा. पाठ, मान, गुडघा, मायग्रेन असल्या जुन्या दुखण्यांना सुयांनी, म्हणजे अक्युपंक्चरने, बऱ्याच जणांना आराम पडतो, आणि ब्रिटनमध्ये उपचारांच्या गाइडलाइन ठरवणाऱ्या नाइस संस्थेच्या गाइडलाइनमध्येसुद्धा नेहमीच्या गोळ्या लागू पडत नसतील तर मायग्रेनसाठी 10 पर्यंत सेशन सुचवलेत. पण छातीत दुखतंय, तोंड वाकडं झालंय, गाठ लागतेय, वजन आपोआप उतरतंय अशा वेळी आधी हॉस्पिटल, इमर्जन्सी असेल तर सरळ 995.

पहिलं काम, रजिस्ट्रेशन बघा. इथे टीसीएम (म्हणजे पारंपरिक चिनी वैद्यक) प्रॅक्टिशनर्स बोर्ड आहे, त्यांच्या साइटवर नाव टाकलं की माणूस रजिस्टर्ड आहे का ते कळतं. पैशाची अडचण असेल तर थोंग चाई आहे, 1867 पासूनची धर्मादाय संस्था, तिथे फुकट तपासतात, मात्र रांगेची तयारी ठेवा.

जायच्या दिवशी सकाळी जीभ खरवडू नका. आपल्याकडे तांब्याच्या जिभलीने घासल्याशिवाय दिवस सुरू होत नाही हे मान्य, पण सिनसे जिभेवरचा थर आणि रंग बघूनच अर्धं ठरवतो, त्यामुळे कॉफी, बीट, हळदीचं दूध हेही नंतर. मग तो दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघतो, तेव्हा गप्प बसायचं. सुया घ्यायच्या असतील तर उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर येते. सुई केसासारखी बारीक असते, टोचण्यापेक्षा जडपणा जास्त जाणवतो. पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, सुई एकदाच वापरायची असते. आणि प्रेग्नंट असाल तर ते आधीच सांगा.

आता औषधं, आणि घोळ होतो तो इथेच. सुट्टीत आलेल्या आई-बाबांना आपण घेऊन जातो, बाबांच्या बीपीच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात, आणि पावडरची पाकिटं बघून सगळे म्हणतात झाडपाल्याचं आहे हो, त्याने काय होतंय. होतं! दानशेन आणि दांगगुई ही दोन अगदी कॉमन मुळं वॉरफरिनचा, म्हणजे रक्त पातळ करायच्या नेहमीच्या एका गोळीचा, परिणाम वाढवतात, रक्तस्राव होऊ शकतो. गानचाओ म्हणजे आपल्या ज्येष्ठमधाचाच भाऊ, तो कितीतरी काढ्यांत असतो आणि जास्त दिवस घेतला तर बीपी वाढवतो, पोटॅशियम खाली आणतो. दोन औषधांत दोन तासांचा गॅप ठेवा असं सगळे सांगतात, ठेवा, पण हे असले परिणाम गॅपने टळत नाहीत कारण औषध रक्तात दिवसभर असतंच.

म्हणून सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिपचे फोटो फोनमध्ये ठेवा, पुण्याहून आणलेलं अश्वगंधाचूर्ण असेल तर तेही, आणि सिनसेला दाखवा. त्याच्याकडून मुळ्यांची नावं पिनयिनमध्ये, म्हणजे चिनी नावांच्या इंग्रजी अक्षरांतल्या स्पेलिंगमध्ये, लिहून घ्या आणि तो कागद आपल्या डॉक्टरला दाखवा. डॉक्टर कपाळाला आठ्या घालेल, घालू दे, दाखवायचा म्हणजे दाखवायचा. वॉरफरिन चालू असेल तर डॉक्टरने हो म्हणेपर्यंत मुळ्या नकोतच, सुयांबद्दलही त्यालाच विचारा. डायबेटिस असेल तर घरी शुगर जास्त वेळा तपासा. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरला आधीच सांगा, साधारण दोन आठवडे आधी मुळ्या बंद करायला सांगतात.

आणि चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, कितीही बरं वाटलं तरी. सिनसेने बीपीची गोळी सोडा सांगितलं तर सिनसे बदला. ऑनलाइन मिळणाऱ्या, दोन दिवसांत सांधे मोकळे करणाऱ्या बिननावाच्या गोळ्या तर घेऊच नका, असल्या गोळ्यांत न सांगता स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं आणि इथली हेल्थ सायन्सेस ऑथॉरिटी त्याबद्दल सारखी वॉर्निंग देत असते.

काविळीसारखे डोळे पिवळे, लघवी गडद, अंगावर पुरळ, पाय सुजणं, यातलं काही दिसलं तर सिनसेची पावडर घेणं बंद करा आणि उरलेली पावडर पिशवीत घालून सोबत घेऊनच डॉक्टरकडे जा.