डार्ट बेडूक पाळताय? विषाची धास्ती सोडा, पण या चुका टाळा

घरी कोणी पहिल्यांदा आलं की काचपेटीपासून दोन हात लांब उभं राहतं आणि हमखास विचारतं, "हा विषारी ना गं?" मी गेली काही वर्षं जर्मनीत, डुसेलडॉर्फजवळ, डार्ट बेडूक पाळते. या प्रश्नाचं उत्तर आधी नीट समजून घ्या, कारण पहिली मोठी चूक इथेच होते.

डार्ट बेडकाचं विष त्याच्या त्वचेत असतं, पण बहुतेक सगळं विष त्याला खाण्यातून मिळतं. दक्षिण आणि मध्य अमेरिकेच्या जंगलात तो ज्या मुंग्या, कोळीवर्गातले बारीक माइट्स आणि भुंगे खातो, त्यांच्यातून ती रसायनं त्याच्या अंगात साठतात. कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर एम्बेरा लोक फुंकनळीच्या बाणांना ज्याचं विष लावत, तो सोनेरी 'फायलोबेट्स टेरिबिलिस'सुद्धा काचपेटीत जन्मून चिलटांवर, म्हणजे फळमाश्यांवर, वाढला तर बिनविषारी निघतो. जंगलातून पकडून आणलेला मात्र पुढे काही वर्षं विषारी राहू शकतो. शिवाय त्याच्यासोबत जंत येतात, आणि मुळात तो चोरून आणलेला असण्याची शक्यता मोठी असते. म्हणून विकणाऱ्याला हा बेडूक कुठे जन्मला, त्याचे आईबाप कोणाकडचे, हे विचारा. गोलमाल उत्तर आलं तर तिथून निघा.

आता ज्या चुकीने सर्वाधिक बेडूक जातात तिच्याकडे येते. ती म्हणजे उष्णता.

"पावसाळी जंगलातला प्राणी, त्याला गरमच लागणार" असं समजून लोक पेटीवर दिवा लावतात किंवा खाली गरम चटई ठेवतात. जंगलाच्या जमिनीवर, पाचोळ्याखाली, गारवा असतो. या बेडकांना २२ ते २५ अंश मानवतं. २८ च्या पुढे काळजी सुरू होते आणि ३० च्या वर तासाभरातही जीव जाऊ शकतो. खिडकीतलं कोवळं ऊनसुद्धा नको, कारण बंद काचपेटी बघता बघता तापते.

२५ जुलै २०१९ ला आमच्या भागात पारा ४० च्या वर गेला. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, एसी नाही. मी सकाळी पडदे ओढून, भरपूर फवारणी करून कामावर गेले, आणि वाटलं एवढं पुरे आहे. संध्याकाळी परतले तेव्हा पेटीतला थर्मामीटर ३३ दाखवत होता. माझा 'टिंक्टोरियस' जातीचा निळा डार्ट बेडूक पाण्याच्या ताटलीत पाय पसरून पडला होता, त्याच्या पोटाखाली बोट सरकवलं तरी हलला नाही. बंद पेटीत हवा आधीच ओलावलेली असते, तिथे फवारलेलं पाणी उडून जात नाही, म्हणून गारवाही येत नाही. हे मला तेव्हा कळलं. वाचली ती त्याची जोडीदारीण. तिला तळघरात नेलं आणि हळूहळू गार होऊ दिलं.

तेव्हापासून उन्हाळ्यात माझ्या फ्रीजरमध्ये पाण्याच्या बाटल्या तयार असतात. पेटी तापायला लागली की दिवे बंद करते, फडक्यात गुंडाळलेली बाटली झाकणाच्या काचेवर ठेवते आणि जाळीजवळ छोटा पंखा लावते. पेटीत बर्फ किंवा बर्फाचं पाणी कधीही टाकू नका, त्या धक्क्यानेही बेडूक मरतो.

दुसरी चूक खाण्यातली आहे, आणि ती महिनोन्‌महिने दिसतच नाही. बेडूक रोज चिलटं खातो, गुटगुटीत दिसतो, आणि एक दिवस उडी मारताना उलटा पडतो, पाय ताठ होतात, झटके येतात. हे बहुतेक वेळा कॅल्शियम कमी पडल्याचं लक्षण असतं. नुसत्या चिलटांमध्ये कॅल्शियम फारच कमी. म्हणून प्रत्येक वेळी माश्या पेल्यात घ्यायच्या, कॅल्शियम आणि डी३ ची पावडर टाकून हलवायच्या, आणि पांढऱ्याशुभ्र झाल्या की सोडायच्या. एकदम मूठभर सोडल्या तर त्या अंग पुसून पावडर झटकून टाकतात आणि बेडकाच्या पोटात कोरडी माशी जाते. मोठ्या टिंक्टोरियसला मी एका वेळी २०–२५ देते, पाच-दहा मिनिटांत संपतील एवढ्याच. जीभ माशीवर पडते पण माशी चिकटत नाही असं दिसलं तर 'अ' जीवनसत्त्वाची शंका घ्या आणि उभयचरांच्या डॉक्टरला दाखवा. ते जास्त झालं तरी अपाय करतं, म्हणून अंदाजाने देऊ नका. पावडरचा डबा उघडल्याची तारीख त्यावर लिहा, सहा महिन्यांनी तो टाकून नवा आणा.

माश्या वाढवायची एकच बरणी ठेवणं हीही चूकच. ती माइट्समुळे खराब झाली की आठवडाभर घरात बेडकाला खायला काही नसतं. दर आठवड्याला एक नवी बरणी लावा.

पाणी क्लोरीन काढलेलंच वापरा. क्लोरामाइन (नळाच्या पाण्यात कधी कधी असणारं दुसरं जंतुनाशक) असेल तर ते रात्रभर ठेवून उडत नाही, त्यासाठी वेगळं द्रावण लागतं. तळाला निचऱ्याचा थर आणि वर भरपूर सुका पाचोळा हवा. सतत चिखलात बसणाऱ्या बेडकाच्या पायांना जखमा होतात.

वेगवेगळ्या रंगांचे बेडूक एकत्र ठेवायचा मोह फार होतो. नका ठेवू. संकर होतो, आणि टिंक्टोरियसच्या दोन माद्या एका नरासाठी भांडून एकमेकींना उपाशी मारतात. रक्त निघत नाही, म्हणून आपल्याला कळतही नाही, फक्त एक जण कोपऱ्यात बसून वाळत जाते.

नवा बेडूक किमान दोन महिने वेगळ्या पेटीत ठेवा, विष्ठा तपासून घ्या आणि कायट्रिड बुरशीची चाचणी करा. ज्या बुरशीने जगभरातल्या बेडकांच्या अनेक जाती संपवत आणल्या, तिचं शास्त्रीय वर्णन १९९९ मध्ये झालं, आणि तो नमुना वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातल्या निळ्या डार्ट बेडकाचाच होता. ती बाहेरच्या बेडकांपर्यंत पोचू नये म्हणून पेटीतलं पाणी आणि माती ओढ्यात किंवा बागेत टाकू नका.

पुण्याहून, नाशिकहून अनेक जण मला विचारतात, "आपल्याकडे पाळता येईल का?" डार्ट बेडूक साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगायचे तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. "कागद नंतर देतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. कागद असले तरी एप्रिल-मे मध्ये रात्रंदिवस एसी आणि वीज गेल्यावरही तो चालेल अशी सोय लागेल. ती नसेल तर माझं स्पष्ट मत आहे, पाळू नका.

एक रोजची तपासणी सांगते. सकाळी माश्या सोडल्या की बेडकाचं मागच्या पायाचं बोट बघा. शिकार दिसली की ते टकटक करत थरथरतं, तबल्यावर बोट फिरावं तसं. बेडूक माशीकडे बघतोय पण बोट हलत नाही आणि तो पुढे सरकत नाही, असं दोन दिवस दिसलं की मी आधी थर्मामीटर बघते, मग पावडरच्या डब्यावरची तारीख, आणि तिसऱ्या दिवशी विष्ठेचा नमुना डॉक्टरकडे पाठवते.