नानावटी खटला आज परत तपासायचा असेल तर सुरुवात कुठून करायची

नौदलातल्या कमांडर नानावटीने बायकोचा प्रियकर प्रेम आहुजा याला मुंबईत गोळ्या घालून मारलं, तो हा खटला. पहिली गोष्ट, सिनेमे आणि वेबसिरीज काही दिवस बाजूला ठेवा. सरळ सुप्रीम कोर्टाचं 24 नोव्हेंबर 1961 चं निकालपत्र उघडा, नेटवर फुकट मिळतं, इंग्रजी जरा जड आहे पण दोनदा वाचलं की जमतं.

मग 27 एप्रिल 1959 या एका दिवसाची टाइमलाइन करा, माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. दुपारी दीडच्या सुमारास कमांडर नानावटी घरातून निघाला, बायकोमुलांना सिनेमाला सोडलं, जहाजावर जाऊन रात्री एकट्याने अहमदनगरला जायचंय असं खोटं सांगून रिव्हॉल्वर आणि सहा गोळ्या घेतल्या, आधी आहुजाच्या ऑफिसात गेला, तिथे तो नाही म्हटल्यावर फ्लॅटवर, आणि 4.20 च्या आसपास गोळ्या झाडल्या. प्रत्येक नोंदीपुढे लिहा की हे कुणी सांगितलं, साक्षीदाराने की आरोपीने स्वतः. रिव्हॉल्वर स्वतःला मारून घ्यायला घेतलं होतं, झटापटीत गोळ्या सुटल्या, हे आरोपीचं म्हणणं आहे, ते सिद्ध झालेलं म्हणून धरू नका. टाइमलाइन झाली की 'संतापाच्या भरात' मारलं म्हणून तो खून धरू नये, हा बचावाचा मुद्दा तपासा, कोर्टाने नेमके हेच जवळजवळ तीन तास मोजले आणि म्हटलं की एवढ्या वेळात माणूस भानावर येऊ शकतो.

त्यानंतर वस्तूंकडे या. आहुजा नुकताच अंघोळ करून आलेला, कमरेला टॉवेल, आणि तीन गोळ्या लागूनही तो टॉवेल जागेवरच. खरंच झटापट झाली असती तर तो सुटला नसता का?

ज्यूरीने, म्हणजे निकाल द्यायला बसवलेल्या सामान्य नागरिकांनी, 8 विरुद्ध 1 ने निर्दोष म्हटलं म्हणून लोक लगेच ज्यूरीला नावं ठेवतात, पण सेशन्स जजनी ज्यूरीला काय समजावलं ते आधी बघा. गोळ्या चुकून सुटल्या हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते, हेच नीट सांगितलं गेलं नव्हतं. त्याच जजनी तो निकाल अमान्य करून केस हायकोर्टात पाठवली, तिथे जन्मठेप झाली आणि सुप्रीम कोर्टाने ती कायम केली.

आणि हो, या केसमुळे देशातली ज्यूरी पद्धत लगेच बंद झाली असं सगळीकडे लिहिलेलं सापडेल, ते कॉपी करू नका, 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरी उरली नाही पण त्याआधी काही ठिकाणी ती चालूच होती.