अक्षर सुधरवायला बसताय? आधी या चुका टाळा

"सर, माह्या पोराचं अक्षर पाहा बरं. निरे कुत्र्या-मांजराचे पाय!"

उन्हाळ्याच्या सुट्टीत, ऊन तापायच्या आत, सकाळी सात ते नऊ मी गावातल्या समाजमंदिरात मुलांचं अक्षर घेतो. पहिल्या दिवशी हे वाक्य ऐकू येतंच. बापाच्या हातात सुलेखनाची नवी वही असते, आणि पहिली चूक ती वहीच. सुलेखन ही कला आहे. तिथे एकेक रेघ थांबून, ठरवून ओढायची असते. रोजचं अक्षर म्हणजे माणसाची चाल. परीक्षेत तीन तास हात पळवायचा असतो, तिथे सुलेखनाचा वेग धरला तर अर्धा पेपर कोरा राहतो. म्हणून आधी ठरवा, पोराला कला शिकायची आहे की लिहिलेलं दुसऱ्याला वाचता यायला हवं आहे?

वाचता येत नसेल तर बहुतेक वेळा दोष शिरोरेघेत सापडतो. मुलं आख्खा शब्द लिहितात आणि शेवटी वरून एक सरळ रेघ मारतात. ध आणि भ यांच्या डोक्यावरची फट त्या रेघेखाली बुजते. 'धर'चं 'घर' होतं, 'भरा'चं 'मरा' होतं. अर्जावर धोटेंचे घोटे झाले की आधार कार्ड आणि सातबाऱ्यावरचं नाव जुळत नाही, मग दुरुस्तीसाठी कापूस वेचायच्या दिवसांत तालुक्याला चकरा. उपाय सोपा आहे: रेघ शेवटी मारली तरी ध, भ आला की पेन उचलायचं. 'घर-धर', 'माऊ-भाऊ' अशा जोड्या आठवडाभर रोज दहा ओळी लिहून घ्या, हाताला सवय लागते. ख मध्येही असंच पाहा. त्याचे दोन भाग खाली जोडलेले नसले की 'खाना'चं 'रवाना' होतं.

दुसरी जागा रफाराची. आपल्या भागात प्रत्येक अर्जात लागणारा शब्द 'शेतकऱ्यांच्या', आणि तोच सर्रास 'शेतकर्यांच्या' असा लिहिला जातो. मोठ्याने म्हणून पाहा. 'सूर्य' म्हणताना आधीच्या अक्षरावर जोर येतो, तिथे रफार. 'सुऱ्या' म्हणताना तो येत नाही, तिथे ऱ्य. आचार्यांना आणि आचाऱ्यांना एकाच पंगतीत बसवू नका.

हल्ली मुलं मोबाइलवर पाहून ल आणि श हिंदी वळणाचे काढतात. पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपं, शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही तीच आहेत.

आता ज्याला कलाच शिकायची आहे त्याच्यासाठी. बाजारातलं इंग्रजीसाठीचं कट निब घेऊन देवनागरी काढू नका. आपल्या लिपीसाठी निबच्या टोकाचा छेद उलट दिशेने तिरपा असतो. त्यापेक्षा बांबूची कमची तासून घ्या, टोकाला मधोमध बारीक चीर द्या, म्हणजे शाई एकदम न ओघळता हळूहळू उतरते. टोक ४५ अंशांत धरून एक शिरोरेघ आणि एक दंड, म्हणजे उभी रेघ, ओढा. दोन्ही सारख्या जाड आल्या पाहिजेत. दंड बारीक आला तर टोक जास्त उभं झालंय, शिरोरेघ बारीक आली तर आडवं. शाई फार पातळ वाटली तर बाभळीचा डिंक थोडा विरघळवून घाला. जुन्या पोथ्यांची शाईही काजळ आणि डिंकाचीच असे. महानुभाव पंथाचं, अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर आपल्याला जवळच. महानुभावांच्या पोथ्या शतकानुशतकं हाताने नकला करूनच टिकल्या. पुढच्या नकलाकाराला अडखळू न देणारं अक्षर त्यांना काढावं लागे, तरी प्रत्येक हाताचं वळण वेगळंच राहिलं.

ते वळण मोडायचा हट्ट मला सगळ्यात जास्त खटकतो. बारीक लिहितो म्हणून पोरगा भित्रा, उजवीकडे झुकतं म्हणून मनमोकळा, हे अंदाज पद्धतशीर चाचण्यांत टिकलेले नाहीत. त्यावरून मुलाला नावं ठेवू नका. अक्षरावरून स्वभाव कळत नाही, पण माणूस ओळखू येतो. १८७२ च्या पुरावा कायद्यातलं कलम ४७ यावरच होतं: ज्याने कुणाचं अक्षर नेहमी पाहिलंय, त्याचं त्या अक्षराबद्दलचं मत न्यायालयात विचारात घेता येतं. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद आहे. वडिलांच्या कापूस वेचणीच्या हिशोबाच्या वहीत मजुरांची नावं कुणी लिहिलीत, हे मी नुसत्या ळ वरून सांगतो. वडिलांच्या ळ ची दुसरी गाठ नेहमी मोठी असे.

डावखुऱ्या पोराचा हात तर मुळीच बदलू नका. वही त्याच्या डाव्या बाजूला सरकवा, तिचा वरचा भाग थोडा उजवीकडे झुकवा, आणि पेन टोकापासून जरा वर धरायला सांगा. ओल्या शाईवरून हात फिरायचा थांबतो. गेल्या उन्हाळ्यात एका पोरीचं पान असंच स्वच्छ झालं. तिची अक्षरं मागे झुकतात, ती तशीच राहू दिली.