पहिली हँडगन घेताना: किनारपट्टीवाल्यांसाठी

परवाना हातात पडण्याआधी दुकानात बयाणा देऊ नका. 9 एमएम प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य परवान्यावर न मिळणाऱ्या नळीच्या मापात मोडतं, त्यामुळे सामान्य परवानाधारकाची निवड बहुतेक .32 या मापावरच येते. पण .32 म्हणजे एकच काडतूस नव्हे. पिस्तुलाला सहसा .32 एसीपी लागतं, रिव्हॉल्व्हरला .32 लाँग, अदलाबदल करायची नाही. हत्यारावर कोरलेलं नाव स्वतः वाचा. नवख्याला मी रिव्हॉल्व्हरच सुचवेन: सिलिंडर, म्हणजे काडतुसं बसतात ते फिरतं नळकांडं, उघडला की भरलंय की रिकामं, लगेच दिसतं. मुठीत नीट बसतंय का, तेही बघा. मालवण, रत्नागिरीकडच्या खाऱ्या हवेत गंज फार लवकर धरतो. चामड्याच्या होल्स्टरात पावसाळाभर ठेवू नका, चामडं ओल धरतं. आधी रिकामं करा, पुसून तेलाचा पातळ हात द्या, कुलपात ठेवा; काडतुसं वेगळ्या कुलपात.