स्लरीच्या टाकीत माणूस उतरूच नये म्हणून केलेले बदल

सोलापूरकडे गोठ्यामागची स्लरीची, म्हणजे शेण-मुताच्या पातळ काल्याची, टाकी बहुधा जमिनीलगत आणि उघडी असते. वर साय धरली की कोरडी जमीनच वाटते. तोंडावर १२ मिलिमीटर सळईची, १० सेंटिमीटर चौकोनांची जाळी बसवली, खाली लोखंडी अँगल, झाकणाला कुलूप. वेल्डिंग दरवर्षी तपासतो. गंजलेली जाळी उघड्या टाकीपेक्षा वाईट, कारण माणूस बिनधास्त पाय देतो.

माणूस आत उतरतो तो मात्र पंप तुंबला म्हणून. मालदांडी ज्वारीच्या कडब्याची धाटं सक्शनमध्ये अडकतात. म्हणून नालीतच २ सेंटिमीटर फटींची गाळणी लावली, रोज साफ करायची. पंपाचा स्टार्टर २० फूट लांब, वारा येतो त्या बाजूला.

स्लरी ढवळताना हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू एकदम सुटतो. हवेपेक्षा जड, त्यामुळे खोलगट जागी साचतो. सडक्या अंड्यांचा वास थांबला म्हणजे वायू गेला असं नाही; प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. जनावरं आधी बाहेर काढा, वारा नसेल तर ढवळूच नका. कुणी पडलं तर मागोमाग उतरू नका, तोंडाला बांधलेलं फडकं हा वायू अडवत नाही. ११२ ला फोन करा.