मराठी ॲप बनवताना मोबाइल कंपनीकडून काय घ्यावं आणि काय मागावं

मोबाइल कंपनी स्थानिक ॲपना मदत करणार म्हटलं की नवख्या डेव्हलपरच्या डोळ्यांसमोर स्पर्धा, बक्षिसं आणि जाहिरातीतली फुकटची जागा येते. मिळालं तर जरूर घ्यावं. पण ॲप चालेल की बंद पडेल हे फार साध्या गोष्टींवर ठरतं: ओटीपी वेळेत पोचतो का, नंबर खरा आहे हे कळतं का, टॉवर लांब असलेल्या गावात ॲप उघडतं का. कंपनीची खरी मदत हवी ती इथे.

एक कल्पना आधीच बाजूला ठेवू. ‘आमचं ॲप वापरताना डेटा कापू नका’ असा प्रस्ताव घेऊन बरेच जण मोबाइल कंपनीकडे जातात. भारतात हे चालत नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या ८ फेब्रुवारी २०१६ च्या नियमानुसार मजकूर पाहून डेटाचा वेगळा दर लावता येत नाही. मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये, कमाल ५० लाखांपर्यंत दंड आहे. नियम योग्यच आहे, कारण फुकट डेटाचा सौदा करण्याची ताकद मोठ्या ॲपकडे असते, सांगलीतल्या दोन मुलांच्या ॲपकडे नसते. वापरणाऱ्याचा डेटा वाचवायचा तर ॲपचा आकार कमी करा आणि माहिती फोनमध्ये साठवून ठेवा.

आता ओटीपी. सर्वांत जास्त वेळ इथेच जातो. ट्रायच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक मेसेज पाठवणाऱ्याला डीएलटी या यंत्रणेवर नोंदणी करावी लागते. हे पोर्टल मोबाइल कंपन्याच चालवतात; एअरटेल, जिओ, व्ही (व्होडाफोन आयडिया), बीएसएनएल यांपैकी एका ठिकाणी नोंदणी केली की ती सगळीकडे चालते. पॅन, व्यवसायाचा पुरावा आणि अधिकृत व्यक्तीचं पत्र लागतं. आधी संस्थेची नोंदणी, मग सहा अक्षरांचा हेडर (मेसेज पाठवणाऱ्याच्या जागी दिसणारं नाव), मग मेसेजचा साचा, आणि शेवटी ज्या एसएमएस कंपनीमार्फत मेसेज जाणार तिच्याशी साखळी जोडणं, असा क्रम आहे. प्रत्येक मेसेज मंजूर साच्याशी ताडून पाहिला जातो आणि जुळला नाही तर वाटेतच टाकला जातो. ८ मार्च २०२१ ला ही चाळणी लागली तेव्हा देशभर ओटीपी अडकले आणि ट्रायला ती सात दिवस थांबवावी लागली. मोठ्या बँकांनाही चुकली नाही अशी ही अडचण आहे. त्यामुळे या कामासाठी वेळापत्रकात पुरेसे दिवस ठेवा.

साचा न जुळण्याचं एक कारण खास मराठीचं आहे. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो: एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला पहिल्यात ११ चिन्हं मिळतात आणि दुसऱ्यात १२. साचा एका कीबोर्डवर भरला आणि कोडमधला मजकूर दुसऱ्यावर टाइप केला, तर मेसेज जाणार नाही आणि तासन्‌तास बघूनही फरक दिसणार नाही. म्हणून मजकूर पुन्हा टाइप करू नका. पोर्टलवरचा मंजूर साचा उचलून जसाच्या तसा कोडमध्ये ठेवा.

मेसेजमध्ये लिंक असेल तर तिची आधी नोंद हवी; १ ऑक्टोबर २०२४ पासून नोंद नसलेल्या लिंकचे आणि एपीकेचे (अँड्रॉइड ॲपच्या फाइलचे) मेसेज अडवले जातात. ओटीपीच्या मजकुरात ‘मित्राला सांगा, सवलत मिळवा’ असं काही जोडू नका. तो मेसेज जाहिरातीच्या वर्गात जातो आणि जाहिराती बंद ठेवलेल्या नंबरांवर पोचत नाही.

मग लांबी. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७० चिन्हं. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘क्षेत्र’ या शब्दाची ७ चिन्हं होतात. ७० च्या पुढे गेलात की मेसेजचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हं बसतात आणि पैसे तुकड्यागणिक लागतात. ‘१२३४५६ हा तुमचा ओटीपी आहे. कोणालाही सांगू नका.’ हा मजकूर ४६ चिन्हांचा आहे. अँड्रॉइडने ओटीपी आपोआप वाचावा यासाठी शेवटी ११ अक्षरांची खूण लागते. नवी ओळ धरून ५८ झाली. ॲपच्या नावाला उरली १२, त्यातही एक जागा मोकळी सोडण्यात जाते. इथे उदाहरणात आकडे देवनागरी आहेत, पण ओटीपीचे आकडे इंग्रजी (123456) ठेवा, कारण बरेच कीबोर्ड आणि फोन आपोआप भरण्यासाठी तेच ओळखतात.

ती ११ अक्षरी खूण ॲपच्या पॅकेज-नावावरून (अँड्रॉइडमधली ॲपची अंतर्गत ओळख) आणि ॲपवर डिजिटल सही करायच्या किल्लीवरून बनते. तुमच्या लॅपटॉपवरच्या चाचणी ॲपची खूण वेगळी आणि प्ले स्टोअरने स्वतःच्या किल्लीने सही केलेल्या ॲपची वेगळी. त्यामुळे चाचणीत ओटीपी झटकन भरला जातो आणि स्टोअरवर गेल्यावर बंद पडतो. साच्यात स्टोअरचीच खूण घाला. खुणेत ‘+’ असेल तर एसएमएस कंपनीच्या वेब-पत्त्यातून (यूआरएल) जाताना त्याची मोकळी जागा होऊ शकते. ते चिन्ह नीट एन्कोड करा.

दोन एसएमएस कंपन्या ठेवाव्यात, एक अडली तर दुसरी. पण दुसरीशीही डीएलटीवर साखळी जोडलेली हवी. ती राहून गेली तर पर्याय नेमका गरजेच्या दिवशी बंद असतो. ‘पुन्हा पाठवा’ दाबल्यावर काही मिनिटं तोच ओटीपी परत पाठवा. रेंज कमी असली की मेसेज उशिरा आणि उलटसुलट क्रमाने येतात. दर वेळी नवा ओटीपी काढलात तर माणूस जुना भरत राहतो आणि वैतागून ॲप काढून टाकतो.

ओटीपीच नको असा एक मार्गही आहे. सिम कोणतं आहे हे मोबाइल नेटवर्कला ठाऊक असतं, त्यामुळे फोनने मोबाइल डेटावरून विनंती केली की भरलेला नंबर त्याच सिमचा आहे का, हे कंपनी सांगू शकते. जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेने फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘ओपन गेटवे’ या नावाने अशा सेवांचा समान साचा पुढे आणला. सुरुवातीच्या २१ कंपन्यांत भारती एअरटेल होती. मर्यादा मात्र लक्षात ठेवा. विनंती वायफायवरून गेली तर पडताळणी जमत नाही. विनंती मुद्दाम मोबाइल डेटावरून पाठवावी लागते. दोन सिमच्या फोनमध्ये डेटा एका सिमवर आणि भरलेला नंबर दुसऱ्याचा, हे आपल्याकडे सर्रास होतं. तेव्हा ओटीपीची वाट उघडीच ठेवा.

सर्व्हरवर आणखी एक गोष्ट चुकते. एकाच आयपी पत्त्यावरून फार ओटीपी मागितले तर अडवायचं, हा सल्ला सगळीकडे मिळतो. आपल्याकडे मोबाइल कंपन्या असंख्य ग्राहकांना एकाच सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यामागे ठेवतात. कडक मर्यादा लावली की अख्ख्या तालुक्यातले खरे ग्राहक बाहेर राहतात. मर्यादा मुख्यतः नंबरवर आणि फोनवर लावा.

सगळ्या कंपन्यांची सिम घेऊन चाचणी करा. जिओकडे २जी नाही, एअरटेल आणि व्हीकडे आहे. एअरटेलने ३जी बंद केल्यामुळे ४जी सुटलं की फोन थेट २जीवर येतो. फोनच्या सेटिंगमध्ये फक्त २जी निवडा आणि ॲप उघडून बघा. पांढरा पडदा दिसत राहिला तर पहिलं पान फोनमधल्या साठवलेल्या माहितीवरून उघडेल असं करा.

कंपनीने नेमकं काय द्यावं याचं चांगलं उदाहरण केनियात आहे. तिथल्या सफारीकॉम या मोबाइल कंपनीने २००७ मध्ये एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे पाठवायची सेवा सुरू केली आणि २०१७ मध्ये ‘दराजा’ या नावाने तिचं पोर्टल डेव्हलपरना खुलं केलं. तिथे नोंदणी केली की चाचणीसाठी १७४३७९ हा व्यापारी क्रमांक मिळतो. ॲपने मागणी पाठवली की ग्राहकाच्या फोनवर पिन विचारला जातो आणि निकाल तुमच्या सर्व्हरवर येतो. ग्राहकाने नकार दिला तर कारणक्रमांक १०३२, शिल्लक अपुरी असेल तर १. कारण असं स्पष्ट कळतं, म्हणून दुरुस्ती करता येते. आपल्याकडे पैशाचा प्रश्न २०१६ पासून यूपीआयने सोडवला, त्यामुळे मोबाइल बिलातून वसुलीच्या मागे लागण्यात नवख्याने वेळ घालवू नये. पण खुलं चाचणी-मैदान आणि स्पष्ट कारणक्रमांक हे मागण्यासारखंच आहे.

मोबाइल कंपनीच्या माणसांशी बोलायची संधी मिळाली तर बक्षिसाऐवजी हे मागा: व्यवसाय नोंदणी नसलेल्या विद्यार्थ्याला मोजक्या नंबरांपुरती डीएलटीची चाचणी, साचा जुळला नाही तर नेमकं कुठलं चिन्ह चुकलं ते सांगणारा अहवाल, आणि लांबीवर उपाय. एसएमएसच्या मानकात हिंदीसाठी असा अक्षरतक्ता आहे की देवनागरी मेसेजमध्येही १५५ अक्षरं बसतात, पण नेटवर्क आणि फोन दोघांनीही तो वापरला तरच. हे काम एकटा डेव्हलपर करू शकत नाही. मोबाइल कंपन्याच करू शकतात.

शिकायला सुरुवात करायची तर नोंदणीची वाट बघू नका. फायरबेस या गूगलच्या सेवेतल्या फोन-लॉगिनमध्ये खोटे चाचणी नंबर देता येतात, त्यांना खरा एसएमएस जात नाही. त्यावर पूर्ण लॉगिन बांधा: उशीर, चुकीचा ओटीपी, पुन्हा मागणी, दोन सिम, सगळं धरून. सोबत मराठी मजकुराची चिन्हं मोजणारा आणि दोन ‘ऱ्या’ ओळखणारा छोटा प्रोग्राम लिहा. एसएमएस सेवा देणाऱ्या कंपन्यांत किंवा मोबाइल कंपनीच्या एपीआय विभागात मुलाखतीला जाताना दाखवायला हे काम चांगलं आहे, कारण तिथे रोज येणाऱ्या तक्रारी याच असतात.